सुपरमॅन कुणाचा?

सुपरमॅनच्या ग्रहाचं नाव काय? क्रिप्टॉन. बॅटमॅनचं शहर कुठलं? गॉथम. स्पायडरमॅन पहिल्यांदा कुठल्या अंकात आला? 'अमेझिंग फँटसी'चा १५ वा अंक, ऑगस्ट १९६२. हल्क मुळात कुठल्या रंगाचा होता? राखाडी. छपाईत तो राखाडी रंग पानापानावर वेगळा उमटायला लागला, म्हणून पुढच्या अंकापासून त्याला हिरवा करून टाकला. ही उत्तरं आज शाळकरी पोरंही धडाधड देतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. गोष्टीवर जीव जडला की तिच्या बारीकसारीक तपशिलांवरही जडतोच.

पण या प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न सहसा नसतो. ही पात्रं ज्यांनी घडवली, त्यांच्या हाती काय लागलं? हे माहीत नसेल तर सुपरहिरोंचा इतिहास आपल्याला माहीत आहे असं म्हणू नये. क्रिप्टॉन आणि गॉथम हा पात्रांचा इतिहास झाला. तो कंपनीच्या मालकीचा आहे आणि कंपनी तो हौसेने सांगते. माणसांचा इतिहास मात्र कोर्टाच्या कागदांत पडून राहिला. तो वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: पात्र घडवणाऱ्याचं नाव आणि त्या पात्राच्या कमाईतला त्याचा वाटा, या दोन गोष्टी कुठल्याही कराराने त्याच्याकडून काढून घेता येता कामा नयेत. त्याने स्वतः सही केलेली असली तरीही.

१ मार्च १९३८ या तारखेचा एक चेक आहे. रक्कम ४१२ डॉलर. जेरी सीगल आणि जो शूस्टर, दोघेही तेव्हा तेविशीतले, क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल हायस्कुलात एकत्र शिकलेले. एक लिहायचा, दुसरा चित्रं काढायचा. चेकवर रकमेची फोड दिलेली आहे. त्यातले बरेचसे पैसे त्यांनी डिटेक्टिव्ह कॉमिक्स (आजची डीसी) या प्रकाशन कंपनीसाठी केलेल्या इतर मालिकांचे आहेत आणि १३० डॉलर सुपरमॅनचे. तेरा पानांची गोष्ट, पानाला दहा डॉलर. या १३० डॉलरमध्ये ते तेरा पानांचं काम तर विकलं गेलंच, पण सुपरमॅन हे पात्रही त्याच्या सगळ्या हक्कांसकट कायमचं विकलं गेलं. चेकवर दोघांचीही नावं चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेली होती. त्यामुळे पैसे मिळवण्यासाठी मागच्या बाजूला त्यांना दोनदोनदा सही करावी लागली, एकदा चुकीच्या नावाने आणि एकदा बरोबर नावाने. त्या चेकवर कोर्टाचा शिक्काही आहे. पुढच्याच वर्षी एका दुसऱ्या प्रकाशकाने सुपरमॅनची नक्कल बाजारात आणली तेव्हा कंपनी कोर्टात गेली, आणि पात्र आमचंच आहे याचा पुरावा म्हणून तिने हा चेक दाखवला. त्या पुराव्यामुळेच तो जपला गेला. २०१२ साली त्याचा लिलाव झाला तेव्हा त्या कागदाच्या तुकड्याला १,६०,००० डॉलर आले.

सुपरमॅनची ती पहिली गोष्ट असलेला 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक एप्रिल १९३८ मध्ये स्टॉलवर आला. किंमत दहा सेंट. त्याच अंकाची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना विकली गेली, दुसरी २०२४ मध्ये ६० लाखांना. एका जुन्या अंकाच्या एका प्रतीचे हे पैसे. सिनेमे, मालिका, खेळणी, डबे, दप्तरं यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

सीगलच्या घरची गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्या वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. १९३२ साली त्या दुकानात चोरी झाली आणि त्याच धामधुमीत हृदय बंद पडून वडील गेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत या पोराने एक असा माणूस कल्पिला ज्याला गोळी लागत नाही आणि जो दुबळ्यांच्या बाजूने उभा राहतो. या दोन गोष्टींचा संबंध सीगलने स्वतः जाहीरपणे कधी जोडला नाही, म्हणून मीही तो ठामपणे जोडणार नाही. पण पहिल्या अंकातला सुपरमॅन वाचून पाहा. त्याला परग्रहावरचे शत्रू नाहीत. एका निरपराध बाईला विजेच्या खुर्चीत बसवून मारणार असतात, तिला वाचवायला तो रातोरात गव्हर्नरच्या घराचं लोखंडी दार उखडून आत शिरतो. बायकोला मारणाऱ्या एका नवऱ्याला तो भिंतीवर आपटतो. वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरला खिशात घालून देशाला युद्धात ढकलू पाहणाऱ्या दलालाच्या मानगुटीवर बसतो. तिसऱ्या अंकात तो एका खाणमालकाला आणि त्याच्या उंची कपड्यांतल्या पाहुण्यांना त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवतो, मजूर रोज कशाला तोंड देतात ते कळावं म्हणून. आठव्या अंकात गलिच्छ वस्तीतली घरं पाडतो, म्हणजे सरकारला तिथे धड घरं बांधून देणं भाग पडेल. मंदीच्या काळात, गरीब ज्यू घरांत वाढलेल्या दोन पोरांच्या मनातला न्याय हा असा होता. 'पिडलेल्यांचा कैवारी' ही त्याची पहिली ओळख. कैवाऱ्याला जन्म देणारे मात्र स्वतः पिडले गेले आणि त्यांचा कैवार घ्यायला पुढची सदतीस वर्षं कुणी आलं नाही.

त्यांना काहीच मिळालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. सुरुवातीच्या वर्षांत सुपरमॅनची पानं तेच करत होते आणि पानामागे बरे पैसे येत होते. पण मालकीचा प्रश्न काढला की दार बंद. १९४३ मध्ये सीगल सैन्यात गेला. तो तिकडे असताना कंपनीने त्याला न विचारता 'सुपरबॉय' छापायला घेतला. ही त्यानेच आधी सुचवलेली आणि कंपनीने तेव्हा नाकारलेली कल्पना होती. १९४७ साली दोघांनी दावा लावला. सुपरबॉयच्या बाबतीत न्यायालयाचं मत सीगलच्या बाजूने झुकलं, सुपरमॅनच्या बाबतीत कंपनीच्या. १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, दोन्ही पात्रं कायमची गेली आणि त्याबरोबर दोघांची नावंही अंकातून गेली. नाव काढून टाकण्याला काही व्यापारी कारण असतं का? तेवढ्याने कंपनीचा एक सेंटही वाचत नव्हता. ती शिक्षा होती.

१९५९ मध्ये पोटासाठी सीगल त्याच कंपनीकडे परत आला. सुपरमॅनच्या गोष्टी लिहू लागला, नेहमीच्या दराने, बिननावाच्या. स्वतःच निर्माण केलेल्या पात्राच्या गोष्टींवर ज्याचं नाव छापलं जात नाही तो लेखक महिनेन् महिने तिथे कसा बसून लिहीत असेल, हा विचार मला सुन्न करतो. साठच्या दशकात त्याने हक्कांचा विषय पुन्हा काढला आणि ते कामही गेलं. नंतर तो लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता. शूस्टरची दृष्टी जवळपास गेली होती. न्यूयॉर्कमध्ये तो भावाकडे राहत होता. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा निघणार अशी बातमी आली तेव्हा सीगलने वर्तमानपत्रांना एक लांबलचक पत्र धाडलं. नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले, वर्तमानपत्रं आणि दूरचित्रवाणी पाठीशी आली, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर आणि नाव परत देण्याचं मान्य केलं. कायद्याने तिला भाग पाडलेलं नव्हतं. नाताळच्या तोंडावर बदनामी परवडणार नव्हती, म्हणून मिळालं. हक्काची गोष्ट जेव्हा लाजेखातर मिळते, तेव्हा ज्याच्या बाजूने वर्तमानपत्रं उभी राहत नाहीत त्याला ती मिळत नाही.

बिल फिंगरला मिळाली नाही.

बॅटमॅन मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात आला आणि पुढची पंचाहत्तरहून अधिक वर्षं त्यावर एकच नाव होतं, बॉब केन. केनने मुळात काढलेल्या चित्रातला माणूस लाल घट्ट कपड्यातला, डोळ्यांपुरती पट्टी लावलेला आणि पाठीला ताठ पंख जोडलेला होता. त्याच्यासाठी गोष्टी लिहिणाऱ्या फिंगरने शब्दकोश उघडून त्यातलं वटवाघळाचं चित्र त्याला दाखवलं. कान बघ म्हणाला. पट्टीऐवजी डोकं झाकणारा मुखवटा घाल, डोळ्यांच्या जागी बुबुळं दाखवू नकोस म्हणजे तो गूढ वाटेल, पंख काढ आणि कडा कातरलेली झूल दे, लाल रंग काढून राखाडी-काळा कर. आज बॅटमॅन म्हटलं की डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते हेच. ब्रूस वेन हे नाव फिंगरचं, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आणि अमेरिकन सेनानी अँथनी वेन यांच्यावरून घेतलेलं. गॉथम हे शहराचं नाव त्याचं. पहिली गोष्ट त्याने लिहिली आणि नंतरच्या असंख्य गोष्टीही.

पण त्याच कंपनीशी, म्हणजे आजच्या डीसीशी, बोलणी केली होती केनने, आणि ती एकट्याच्या नावाने. फिंगर केनने ठेवलेला माणूस होता. १९६५ साली न्यूयॉर्कमधल्या एका संमेलनात फिंगरने आपण काय काय केलं ते सांगितलं, तर केनने चाहत्यांना पत्र लिहून ते सगळं साफ नाकारलं. फिंगर १९७४ मध्ये गेला, साठीही गाठली नव्हती. त्याच्या हयातीत बॅटमॅनच्या संदर्भात त्याचं नाव झळकलं ते १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या, त्याने एका सहलेखकाबरोबर लिहिलेल्या, एका दोन भागांच्या कथेपुरतं. पुढे १९८९ मध्ये केनने आत्मचरित्रात मान्य केलं की फिंगरला श्रेय मिळायला हवं होतं. तोवर फिंगर जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आणि कबुली देऊनही केनने ते श्रेय मिळवून दिलं नाही.

ते मिळवून दिलं मार्क टायलर नोबलमन नावाच्या एका लेखकाने. कंपनीचा समज असा होता की फिंगरला वारस उरलेला नाही. नोबलमनने शोध घेतला आणि फिंगरची नात, अथीना, त्याला सापडली. २०१५ मध्ये कंपनीने 'बॉब केन, सोबत बिल फिंगर' अशी ओळ मान्य केली. आज बॅटमॅनचा प्रत्येक सिनेमा ती ओळ दाखवतो. मुलांची पुस्तकं लिहिणाऱ्या एका माणसाने फोन फिरवत, जुने दस्तऐवज चाळत हे घडवून आणलं. सामान्यज्ञानाचं खरं काम मला हे वाटतं. 'बॅटमॅन कुणी निर्माण केला?' या प्रश्नाचं छापील उत्तर सत्तरपेक्षा जास्त वर्षं चुकीचं होतं आणि ते पाठ करणारे आपण सगळे त्या चुकीला हातभार लावत होतो.

आता यावर जे आक्षेप घेतले जातात ते खोडसाळ नाहीत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप असा: सही त्यांनी स्वखुशीने केली होती. केली होती. पण वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थांनी सुपरमॅन काही वर्षं सतत नाकारला होता. मंदी होती. घेणारा एकच होता आणि त्याची अट एकच होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सही करताना त्या पात्राची किंमत कुणालाच ठाऊक नव्हती, विकणाऱ्याला नव्हती आणि घेणाऱ्यालाही नव्हती. जिची किंमत अजून ठरायचीच आहे अशी गोष्ट कायमची विकता येऊ नये, हा विचार मी एकटा करतो असं नाही. अमेरिकेच्या संसदेने १९७६ च्या कॉपीराइट कायद्यात तो मान्य केला. जुन्या करारांत हक्क देऊन बसलेल्या लेखकाला किंवा त्याच्या वारसांना ५६ वर्षांनंतर ते परत मागता येतात, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. म्हणजे 'सही केली ना, संपलं' हे तत्त्व अमेरिकेसारख्या व्यापारी देशानेही सोडून दिलं आहे.

पण त्याच कायद्यात एक पळवाट आहे. काम 'मालकासाठी केलेलं' असेल तर लेखक म्हणून कंपनीच धरली जाते आणि परत मागण्याचा प्रश्नच उरत नाही. चित्रकार जॅक कर्बीच्या वारसांचं घोडं इथेच अडलं. जो सायमन आणि कर्बी यांनी कॅप्टन अमेरिका घडवला. त्याच्या पहिल्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो, आणि तो अंक डिसेंबर १९४० मध्ये विक्रीला आला, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या जवळपास एक वर्ष आधी. साठच्या दशकात कर्बीने मार्व्हल या दुसऱ्या कंपनीसाठी लेखक-संपादक स्टॅन ली यांच्याबरोबर फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, अॅव्हेंजर्स उभे केले. तो पगारी नोकर नव्हता. लाँग आयलंडवरच्या घराच्या तळघरात बसून तो चित्रं काढायचा, कागद-पेन्सिल स्वतःच्या खर्चाने, पैसे पानामागे. एवढं असूनही २०११ मध्ये आणि पुन्हा अपिलात २०१३ मध्ये कोर्टाने म्हटलं की हे काम कंपनीसाठीच केलेलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोन्ही पक्षांनी तडजोड केली. डिस्नेने मार्व्हल विकत घेतली ती २००९ मध्ये, सुमारे ४०० कोटी डॉलरना. त्या किमतीचा केवढा हिस्सा त्या तळघरात बसून रेखाटला गेला होता, याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात नाही. ऐंशीच्या दशकात कर्बी आपल्याच हातच्या मूळ चित्रांची पानं परत मागत होता, तर इतर चित्रकारांना पानभर कागदावर सही करायला लावणाऱ्या कंपनीने त्याच्यापुढे चार पानी करार ठेवला. शेवटी परत आली दोनेक हजार पानं. त्याने त्या कंपनीसाठी काढलेली पानं दहा हजारांच्या वर होती.

दुसरा आक्षेप, धोका कंपनीने पत्करला, छापलं तिने, विकलं तिने. हे बरोबर आहे आणि म्हणूनच नफ्याचा मोठा हिस्सा तिचा असावा. सगळा का?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि त्याला खतपाणी घालतं ते आपलं आवडतं सामान्यज्ञानच. सुपरमॅन सीगल-शूस्टरचा, पण किती? पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नव्हता, उडी मारायचा, फार तर पाव किलोमीटरची. क्रिप्टोनाइट हा त्याला निष्प्रभ करणारा दगड कॉमिक्समध्ये जन्मला नाही, तो १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आला. त्याचा तरुण मित्र जिमी ऑल्सन, हे नावही रेडिओने दिलं. संपादक पेरी व्हाइटही तिथलाच. सुपरमॅन जिथे बातमीदारी करतो ते वर्तमानपत्र 'डेली प्लॅनेट' आधी 'डेली स्टार' होतं. खलनायक लेक्स ल्युथरला सुरुवातीला लाल केस होते, नंतर एका चित्रकाराच्या हातून तो टकला झाला आणि तसाच राहिला. १९४६ साली रेडिओवरच्या सुपरमॅनने पांढऱ्या झुली घालून कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना छळणाऱ्या टोळ्यांवर सोळा भागांची लढाई लढली. ही मालिकेच्या लेखकांची हिंमत होती. मग आजचा सुपरमॅन एवढ्या हातांचा असताना पहिल्या दोघांनाच वेगळा मान का द्यायचा?

मला वाटतं यातून निष्कर्ष उलटा निघतो. पात्र अनेकांचं आहे हे मान्य केलं की ते एकट्या कंपनीचं आहे हा दावाच आधी कमजोर होतो. अनेक हात लागले म्हणून कुणालाच नाव द्यायचं नाही, हा न्याय होत नाही. ज्याचा जेवढा हात, त्याचं तेवढं नाव, तेवढा वाटा. सिनेमाच्या शेवटी दिवे धरणाऱ्यापासून जेवण पुरवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं पाच-पाच मिनिटं सरकत असतात. तिथे जागा पुरते, मग जिथे मूळ गोष्ट सुरू झाली तिथे का पुरू नये?

आणि हे अनेक हात कुणाचे होते तेही पाहावं. वंडर वुमन घडवली विल्यम मौल्टन मार्स्टनने, १९४१ साली. तो मानसशास्त्रज्ञ होता आणि खोटं पकडण्यासाठी रक्तदाब मोजण्याची कसोटी त्यानेच मांडली होती, त्यामुळे वंडर वुमनच्या हातातला खरं बोलायला लावणारा दोर कुठून आला हे प्रश्नमंजूषावाल्यांचं लाडकं कोडं आहे. पण १९४४ पासून मार्स्टन आजारी असताना या स्त्रीपात्राच्या अनेक गोष्टी लिहिल्या जॉय हमेल या तरुणीने. ती त्याची विद्यार्थिनी होती. छापून यायच्या त्या 'चार्ल्स मौल्टन' या मार्स्टनच्या टोपणनावाने. स्त्रियांच्या बळाची गोष्ट सांगणाऱ्या त्या काळातल्या एकमेव गाजलेल्या नायिकेच्या कथा एक बाई लिहीत होती आणि वाचकांना ते ठाऊकच नव्हतं. २०१८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, तिला उपेक्षित कॉमिक्सलेखकांसाठीचा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराला बिल फिंगरचं नाव आहे.

मुदतीचा प्रश्नही इथेच येतो. सुपरमॅन जन्मला तेव्हाच्या कायद्यानुसार कॉपीराइट २८ वर्षांचा, आणि नूतनीकरण केलं तर आणखी २८. म्हणजे तो १९९४ मध्ये सगळ्यांचा व्हायला हवा होता. १९७६ मध्ये मुदत ७५ वर्षं झाली, १९९८ मध्ये ९५. आता अमेरिकेत पहिला सुपरमॅन १ जानेवारी २०३४ रोजी मुक्त होईल, बॅटमॅन त्यानंतर वर्षभराने. वाढवलेली ही वर्षं कुणाला मिळाली? शूस्टर १९९२ मध्ये गेला, सीगल १९९६ मध्ये. सीगलच्या कुटुंबाने १९९७ मध्ये हक्क परत मागणारी नोटीस दिली, २००८ मध्ये कोर्टाने पहिल्या अंकातला त्यांचा वाटा मान्यही केला, आणि २०१३ मध्ये अपिलाच्या कोर्टाने तडजोड मान्य असल्याच्या २००१ सालच्या एका पत्राचा आधार घेऊन तो कंपनीकडेच ठेवला. मुदतवाढ कलावंतांच्या नावाने मागितली गेली आणि फायदा ज्यांच्याकडे कागद होते त्यांचा झाला. मला लांबलचक मुदत नको आहे. छोटी मुदत आणि त्या मुदतीत निर्मात्याचा अढळ वाटा, हे जास्त न्याय्य वाटतं.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणायची सोय नाही. मराठी घरांत वेताळ आणि मँड्रेक पोचले ते इंद्रजाल कॉमिक्समधून, आणि त्या दोघांचा निर्माता ली फॉक हे नाव किती जणांना सांगता येईल? चित्रांचं म्हणाल तर आपल्याकडचे हात मोठे होते. १९८६ मध्ये आलेल्या हिंदी कॉमिक्समधल्या नागराजला सुरुवातीच्या अंकांत रूप दिलं प्रताप मुळीक यांनी. राम वाईरकर यांनी 'टिंकल'मधला सुपंडी रेखाटला. सुपंडी ओळखणारी माणसं लाखोंनी असतील, वाईरकरांना ओळखणारी त्या मानाने फारच थोडी. 'अमर चित्र कथा'च्या अंकांत संहितालेखक आणि चित्रकार यांची नावं छापलेली असत, ही त्या काळातली मोठी गोष्ट होती आणि ती आवर्जून सांगायला हवी.

आपला कायदा काही बाबतीत अमेरिकेपेक्षा शहाणा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकून टाकल्यावरही 'हे काम माझं आहे' असं म्हणण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. २०१२ ची दुरुस्ती तर फारच मोलाची आहे. सिनेमात वापरलेल्या गाण्यांच्या आणि संगीताच्या कर्त्यांना रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, सोडला असं लिहून दिलं तरी ते चालत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला. सीगलच्या हाती १९३८ मध्ये असं एखादं कलम असतं, तर त्याला पुढे कारकुनी करावी लागली नसती.

पण ही दुरुस्ती सिनेमा आणि ध्वनिमुद्रणापाशी थांबते. पुस्तकातलं पात्र, चित्रकाराने त्याला दिलेला चेहरा, त्यावरून पुढे निघणारी अॅनिमेशन मालिका आणि दप्तरं-बाटल्या यांना ते संरक्षण मिळत नाही. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं, हा नियमही आपल्याकडे आहेच. आज पुण्या-मुंबईत कितीतरी तरुण मुलंमुली चित्रकार म्हणून काम करतात, मुलांच्या पुस्तकांसाठी, अॅपसाठी, अॅनिमेशन कंपन्यांसाठी. एकरकमी पैसे आणि 'सर्व माध्यमांतले, सर्व काळासाठीचे, संपूर्ण जगातले हक्क' असं वाक्य असलेला करार त्यांच्यापुढे येतो. ते वाक्य वाचताना मला दरवेळी तो १३० डॉलरचा आकडा आठवतो. यातलं एखादं पात्र उद्या घराघरात पोचलं तर? बहुतेक पोचणार नाहीत, हे खरं. म्हणूनच वाटा देण्याने प्रकाशकाचं काही बिघडणार नाही. चाललंच नाही तर वाटा शून्याचा, आणि चाललं तर द्यायला पैसा आलेलाच असेल.

म्हणून २०१२ च्या दुरुस्तीतलं तत्त्व चित्रित पुस्तकं, कॉमिक्स आणि त्यांवरून होणाऱ्या मालिकांना लागू करावं, अशी मागणी लेखक-चित्रकारांच्या संघटनांनी एकत्र येऊन करायला हवी. कायद्याला वेळ लागेल. प्रकाशकांना मात्र आजपासून दोन गोष्टी करता येतात. बालपुस्तकाच्या मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीने छापावं. दिवाळी अंकांनीही आतल्या चित्रांखाली नाव द्यावं, अनुक्रमणिकेच्या तळाशी बारीक टायपात नको. आणि पात्र दुसऱ्या माध्यमात गेलं तर निर्मात्याला ठरलेला टक्का मिळेल, ही ओळ करारात घालावी.

आणि २०३४ साठी आत्ताच एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सीगल-शूस्टर आणि फिंगर यांची नावं आज जी दिसतात, ती कंपनीशी झालेल्या तडजोडींमुळे. त्या तडजोडी फक्त कंपनीवर बंधनकारक आहेत. पात्रं मुक्त झाल्यावर अमेरिकेत जो कुणी स्वतःचा सुपरमॅन किंवा बॅटमॅन काढेल, त्याच्यावर ही नावं छापायचं कायदेशीर बंधन नसेल. छापायची की नाही हे तेव्हा काढणाऱ्यांवर आणि मागणी करणाऱ्या वाचकांवर अवलंबून राहील, आणि ही नावं ठाऊक असतील तेच वाचक ती मागतील.